माझी दादी : माझी पहिली विद्यार्थिनी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला जोडून भरलेल्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात 'कुटुंबातील स्त्री आणि शिक्षण' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान. मी एक साधा बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक. आकडेवारी मांडून आपल्याला दिपवून टाकावे एवढा माझा अभ्यास नाही. तेव्हा मी ठरवले की, जे मी पुस्तकात वाचले त्याऐवजी जे घरात पाहिले ते सांगावे. माझ्या दादीविषयी, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईविषयी, मी आज बोलणार आहे. २०२२ च्या जानेवारीत ती अल्लाहला प्यारी झाली. तिला मी 'ती' म्हणतो याचा कोणी विषाद मानू नये. मराठीत आईला आणि आजीला एकेरीच हाक मारतात, आणि त्यात आदर कमी होत नाही.

तिचे वय किती होते, हे खात्रीने सांगता येत नाही. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९३० अशी आहे. आम्ही शिक्षक मंडळी या १ जूनचे रहस्य जाणतो. ज्याची जन्मतारीख ठाऊक नसे त्याच्या नावापुढे पूर्वीचे मास्तर १ जून लिहून मोकळे होत. दादी तर शाळेतही गेली नव्हती, तरी ही तारीख तिच्याही वाट्याला आली. ती स्वतः सांगे ती खूण वेगळी. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तिला विहिरीवरून लहान कळशी आणता येत होती. त्यावरून आम्ही हिशेब बांधतो. नव्वदी तिने पार केली होती, एवढे नक्की.

आमचे घर श्रीवर्धनचे. आपल्यापैकी अनेकांना श्रीवर्धन म्हटले की पेशव्यांचे मूळ गाव आठवते आणि रोठा सुपारी आठवते. दादीचा जन्म झाला तेव्हा श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होते. मुरुड, म्हसळे आणि श्रीवर्धन असा तो सिद्दी नवाबांचा मुलूख. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि आम्ही मुंबई राज्याच्या कुलाबा जिल्ह्यात आलो. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला. दादी मात्र त्याच कौलारू घरात, त्याच सुपारीच्या वाडीत राहिली. ती हसून म्हणे, "मी कुठे गेले नाही, पत्ताच बदलत गेला."

पत्त्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. दादीच्या सगळ्या आयुष्याची गोष्ट ही एका अर्थाने पत्रांची गोष्ट आहे.

लहानपणी तिला मक्तबमध्ये घातले होते. कुरआन शरीफ ती नजर लावून, न अडखळता वाचत असे. अरबी अक्षर तिला येत होते. नागरी अक्षर येत नव्हते. मुलीच्या जातीला तेवढे पुरे, असे त्या काळी घरोघर मानले जाई. सोळाव्या-सतराव्या वर्षी, म्हणजे १९४६ साली, तिचा निकाह झाला. माझे दादा मराठी चौथी शिकलेले आणि जहाजावर नोकरीला होते. आपल्या कोकणी मुसलमानांच्या किती पिढ्यांनी जहाजावर घाम गाळला हे मी आपल्याला सांगायला नको. पुरुष आठ-दहा महिने दर्यावर, आणि घर, वाडी, म्हातारी माणसे, पोरेबाळे सगळे बाईच्या अंगावर. नवऱ्याची खुशाली कळायची ती पत्रातून. आणि पत्र मराठीत.

१९४७ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. दादा मुंबईत जहाजाची वाट पाहत थांबले होते आणि रमजानला घरी येतो असा निरोप त्यांनी कोणाकडून तरी पाठवला होता. पावसाळ्यात खालच्या बंदरांच्या बोटी बंद असत. घाईची माणसे मुंबईहून रेवसपर्यंत बोटीने येत आणि पुढे मिळेल त्या वाटेने घर गाठत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ही बातमी आमच्या गावात पोचली तेव्हा घराघरात रडारड सुरू झाली. दादी सतरा वर्षांची, लग्नाला वर्षही झालेले नाही.

चार-पाच दिवसांनी टपालवाल्याने तिच्या हातात एक पत्र ठेवले. ते दादांचे आहे की दादांविषयी दुसऱ्या कोणी लिहिले आहे, हे तिला कळेना. अक्षर कोणाचे हेही ओळखता येईना. मोहल्ल्यात पत्र वाचून देणारे एक गृहस्थ होते. पोस्टातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते नेमके त्या दिवशी म्हसळ्याला गेलेले. सकाळपासून मगरिबच्या अजानपर्यंत दादी ते पत्र पदरात धरून जोत्यावर बसून होती. नवरा जिवंत आहे की नाही याचे उत्तर तिच्या हातात होते आणि तिला ते वाचता येत नव्हते. संध्याकाळी चाचा आले, त्यांनी पत्र वाचले. दादा सुखरूप होते. त्यांना जहाज मिळाले होते आणि ते त्या बोटीने निघालेच नव्हते. दादी म्हणे, "त्या दिवशी मी रडले नाही. संध्याकाळी खूप रडले."

बंधुभगिनींनो, निरक्षरतेवरची पुष्कळ भाषणे मी बी. एड. च्या वर्गात ऐकली. पण निरक्षरता म्हणजे काय हे मला त्या जोत्यावरच्या दिवसाने जेवढे समजले तेवढे कोणत्याही भाषणाने समजले नाही.

दुसरी गोष्ट १९५४-५५ च्या सुमाराची. दादांचे एक पत्र आले. चाचांनी नेहमीप्रमाणे वाचून दाखवले. खुशाली, सलाम, पोरांना दुवा, पैसे पाठवायला उशीर होईल, एवढाच मजकूर. घरात तेव्हा तांदूळ संपत आलेला, वाडीत गड्यांची मजुरी थकलेली. दादीने चाचांकडूनच उत्तर लिहवून घेतले. त्यात तिने कडक शब्दांत तगादा लावला की, बाकी सगळ्यांच्या मनीऑर्डरी येतात आणि आमचीच का येत नाही, घर कसे चालवायचे ते तुम्हीच सांगा. काही महिन्यांनी दादा घरी आले ते निम्मे होऊन आले. तेव्हा उलगडा झाला की ते परदेशी बंदरात इस्पितळात पडून होते, आणि ते त्यांनी पत्रात लिहिलेही होते. चाचांनी ती ओळ गाळली होती. बाईमाणूस घाबरेल, घरात एकटी आहे, असा त्यांनी विचार केला. हेतू चांगलाच. ते भले गृहस्थ होते. पण आजारी माणसाच्या उशाशी बायकोचे पत्र गेले ते पैशाच्या तगाद्याचे. दादांनी तिला कधी बोल लावला नाही. ते पत्र मात्र त्यांनी जपून ठेवले होते, आणि तिने त्यांचे. दोन्ही पत्रे एका पत्र्याच्या ट्रंकेत होती.

तेव्हापासून दादीने एक नियम केला. पत्र कोणीही वाचो, ती आधी बजावून सांगे, "जे लिहिलंय ते सगळं वाच. गाळू नको." हा नियम पुढे तिच्यावरच कसा उलटला ते मी सांगणार आहे.

१९६१ साली दादांचा इंतकाल झाला. दादी एकतीस वर्षांची. पदरात पाच मुले. सर्वांत थोरली माझी मोठी फुफी, अकरा वर्षांची. मधले तीन मुलगे, त्यात माझे वडील. आणि सर्वांत धाकटी मुलगी वर्षाची. घरात कमावते कोणी नाही. होती ती सुपारीची वाडी.

ज्यांनी वाडी केली नाही त्यांना वाटते, झाड उभे आहे आणि सुपारी पडते आहे. तसे नाही. रोज शिपणे करावे लागते. त्या काळी रहाटाला रेडा जुंपून पाणी काढावे लागे आणि पाटापाटाने झाडाला द्यावे लागे. चढणारा गडी वेळेवर मिळावा लागतो. सुपारी उतरली की अंगणात महिना-दीड महिना वाळवायची, पावसाचा थेंब लागू द्यायचा नाही, मग सोलायची, निवडायची. गळून पडलेल्या विऱ्यासुद्धा वाया घालवायच्या नाहीत. दादीने हे सगळे केले. लिहिता येत नव्हते, म्हणून ती मागच्या दाराच्या फळीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब ठेवी. व्यापाऱ्याच्या वहीत आणि दादीच्या दारावर फरक पडला तर व्यापारी निमूट वही दुरुस्त करी, असे गावात म्हणत. हे अतिशयोक्तीचे असेल. पण ती फळी मी पाहिली आहे.

इथवर मी दादीचे कौतुक केले. आता जे सांगणार आहे ते सांगताना मन कचरते. पण ज्या बाईने 'गाळू नको' म्हणून आयुष्यभर सांगितले तिच्याविषयी बोलताना मी गाळले तर तो तिचाच अपमान होईल.

दादा गेले त्याच वर्षी मोठी फुफी चौथी पास झाली. वर्गात पहिली आली होती. दादीने तिला शाळेतून काढले. धाकट्या बहिणीला सांभाळायला, तीन भावांचे करायला, वाडीत सुपारी सोलायला कोणी तरी हवे होते. शाळेचे मास्तर घरी आले. त्यांनी हात जोडून सांगितले की पोरगी हुशार आहे, तिला पुढे शिकवा. दादीने त्यांना पाट दिला, चहा दिला आणि परत पाठवले. तिन्ही मुलगे मात्र शाळेत गेले. ज्या बाईने न वाचता येण्याचे दुःख जोत्यावर बसून भोगले, तिनेच आपल्या मुलीला चौथीत थांबवले.

मी वयात आल्यावर पुष्कळ वेळा विचार केला की असे का झाले. गरिबी होती, हे खरे. पण गरिबी पाचही मुलांना सारखीच होती. मग थांबली ती मुलगीच का? याचे उत्तर असे की आपल्या सगळ्यांच्या मनात एक न लिहिलेली वही असते. त्या वहीत मुलाचे शिक्षण 'जरुरी खर्च' या सदरात असते आणि मुलीचे 'उरले तर' या सदरात. दादीच्या मनातही तीच वही होती. तिला ती तिच्या आईकडून मिळाली होती.

मोठ्या फुफीचे अठराव्या वर्षी लग्न होऊन ती महाडकडे सासरी गेली. तिला चौथीपर्यंतचे लिहिणे येत होते. ती पत्र पाठवी आणि धाकटी फुफी, जिला तिने कडेवर वाढवले होते, ते पत्र आईला वाचून दाखवी. १९७१ साली धाकट्या फुफीला शाळेतून काढण्याचे चालले होते. तेव्हा एक पत्र आले. त्यात बाकीच्या मजकुराखाली मोठ्या फुफीने धाकटीसाठी वेगळे लिहिले होते. आईला वाचता येत नाही, तेव्हा ही ओळ तिच्यापर्यंत जाणार नाही, असे ती समजली असावी. मजकूर असा होता की, तू शाळा सोडू नकोस, आईने माझी शाळा सोडवली ते मी अजून विसरले नाही, रोज पोरांचे दप्तर भरताना मला ते आठवते.

धाकटी वाचता वाचता थांबली. दादीने विचारले, "का थांबलीस?" ती म्हणाली, "झालं पत्र." दादीने कागदाकडे पाहिले. वाचता येत नसले तरी कागद कुठपर्यंत भरला आहे हे तिला दिसत होते. ती म्हणाली, "खाली अजून आहे. सगळं वाच. गाळू नको."

मग अकरा वर्षांच्या त्या पोरीने ते मोठ्याने वाचले.

दादी काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवली नाही, असे माझे वडील सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखा घालून ती स्वतः शाळेत गेली आणि मास्तरांना म्हणाली, "हिचं नाव काढू नका." धाकटी फुफी मॅट्रिक झाली, डी. एड. ला गेली. वसतिगृहाच्या फीसाठी दादीने सोन्याच्या बांगड्यांपैकी दोन गहाण टाकल्या. त्यातली एक सुटली, दुसरी सुटली नाही. फुफी पुढे पस्तीस-छत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या काही माता आज या मंडपात बसल्या आहेत.

इतिहासात आपण बी अम्मांचे नाव वाचतो. अली बंधूंच्या त्या आई, आबादी बानो बेगम, रामपूरच्या. ऐन तारुण्यात विधवा झाल्या. मुलांना इंग्रजी शिकवण्यास घरातून विरोध होता, तेव्हा त्यांनी दागिने गहाण ठेवून मुलांना बरेलीच्या शाळेत धाडले आणि तेथून मुले अलीगढला गेली. १९१७ साली मुलगे नजरकैदेत असताना कलकत्त्याच्या अधिवेशनात बुरख्यातून त्या हजारोंच्या सभेपुढे बोलल्या. १९२४ साली त्या गेल्या तेव्हा सारा देश त्यांना अम्मा म्हणत होता. माझ्या दादीची त्यांच्याशी तुलना करण्याचा माझा इरादा नाही. एवढेच सांगायचे आहे की गहाण पडलेल्या बांगड्यांचा इतिहास फार मोठा आहे आणि त्यातला थोडाच छापला गेला आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने घरी जाऊन विचारावे. कोणाच्या ना कोणाच्या बांगडीवर आपण शिकलो आहोत.

दादीच्या मुलांपैकी माझे मधले चाचा १९७८ साली कुवेतला गेले. आखाती पैशाने आपल्या कोकणात घरोघर स्लॅब पडले, आमच्याकडेही मागची पडवी पक्की झाली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि चाचांची काही खबर येईना. घरात आता वाचणारे पुष्कळ होते, पण वाचायला पत्र नव्हते. दादी रेडिओजवळ बसून राही. एक लाखाहून अधिक भारतीयांना त्या वेळी विमानांनी मायदेशी आणले गेले. चाचा वाळवंट ओलांडून अम्मानला पोचले आणि तेथून एअर इंडियाच्या विमानाने परतले. हातात एक पिशवी होती. बारा वर्षांची कमाई मागे राहिली. दादीने विचारले ते एवढेच, "जेवलास का?"

आता मी माझ्याकडे येतो. १९९६ साली मी तिसरीत होतो. मोठ्याने वाचण्याची मला सवय होती. दादी सुपारी निवडता निवडता ऐके. एक दिवस तिने माझे मराठीचे पुस्तक हातात घेतले आणि एका अक्षरावर बोट ठेवून विचारले, "हा कोण?" मी म्हणालो, "हा क." त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. ती सहासष्ट वर्षांची आणि मी आठ वर्षांचा. पाटी माझी जुनी. वेळ असर आणि मगरिबच्या मधली. मी छडी म्हणून सुपारीची काडी घेऊन बसत असे, हे आठवले की आज लाज वाटते. ती मात्र चुकले की मुकाट्याने पुन्हा गिरवी. जोडाक्षरांनी तिला फार त्रास दिला. ती म्हणे, "अक्षरं सुटी असताना बरी वागतात. एकत्र आली की भांडतात, माणसांसारखी." कुरआनाचा पहिला आदेश वाचण्याचा आहे हे तिला ठाऊक होते. ती म्हणे, हुकूम लहानपणीच मिळाला होता, मानायला उशीर झाला.

दीड वर्ष लागले. एका संध्याकाळी ती ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. ते दादांचे १९५४-५५ सालचे पत्र होते. मी वाचू लागलो तर तिने माझ्या हातातून काढून घेतले. चष्मा लावला. एकेक अक्षर लावत ती ते पत्र वाचू लागली. चाचांनी गाळलेल्या ओळीपाशी ती आली. मी इस्पितळात आहे, ताप उतरत नाही, तू काळजी करू नकोस, अशी ती ओळ होती. चाळीस वर्षांनी ती ओळ जिच्यासाठी लिहिली होती तिच्यापर्यंत पोचली. मला वाटले, आता ही रडेल. तिने कागदाची पूर्वीच्याच घडीवर घडी घातली आणि म्हणाली, "अक्षर बरं होतं त्यांचं." बस्स, एवढेच.

मी शिक्षक का झालो, असे मला मुलाखतीत विचारले होते. तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. खरे उत्तर हे आहे.

दादीची शेवटची परीक्षा २०२० साली झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळले. दुपारच्या काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड फळायला सात-आठ वर्षे लागतात, आणि आमची कित्येक झाडे तर दादीच्या हातची होती. घराची कौले आणि पत्रे उडाले, कित्येक आठवडे वीज नव्हती. त्यात करोनाची साथ. शाळा बंद आणि अभ्यास मोबाइलवर. आमच्या घरात तेव्हा धड चालणारा फोन एकच. माझी पुतणी दहावीत, तिचा धाकटा भाऊ सहावीत. दोघांचे तास एकाच वेळी. घरात चर्चा सुरू झाली आणि हळूहळू ती जुन्याच वळणावर गेली. मुलीला काय, पुस्तकावरून वाचता येईल, मुलाचा पाया कच्चा राहायला नको. हे बोलणाऱ्यांत मीही होतो. मी, शिक्षक, बी. ए., बी. एड. ही कबुली मी आपल्यासमोर देतो.

दादी कोपऱ्यात पडून ऐकत होती. ती उठून बसली आणि म्हणाली, "फोन पोरीकडे राहील. एकदा चुकले ते पुरे." मग तिने ट्रंक उघडायला सांगितली. त्यात एका रुमालात कफनासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका असे पैसे ठेवतात, हे आपण जाणता. ते तिने माझ्यापुढे टाकले आणि म्हणाली, "दुसरा घेऊन ये, पोराला." आम्ही नको नको म्हणालो. ती म्हणाली, "कफन काय, मोहल्ल्यातलं कोणीही घालील. फोन कोण देईल?"

२०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. पुतणी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. आज ती फार्मसीच्या पदवीला आहे.

शेवटच्या वर्षी दादीची नजर गेली. वाचता येईना. तेव्हा मोठी फुफी, स्वतः सत्तरीची, माहेरी येऊन राहिली होती. चौथी पास फुफी रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसे आणि दादीला वाचून दाखवी. मोठ्या बातम्या, लहान बातम्या, बाजारभाव, सगळे. दादीचा हुकूमच तसा होता. एके दिवशी वाचन संपल्यावर दादी तिला म्हणाली, "तुझं मी अर्धंच केलं." फुफीने पेपरची घडी घातली. म्हणाली, "अर्धं केलंस म्हणून तर वाचतेय." दोघी हसल्या. साठ वर्षांचा हिशेब एवढ्या दोन वाक्यांत मिटला की नाही, मला माहीत नाही. काही देणी फिटत नाहीत. ती मान्य करणे एवढेच माणसाच्या हातात असते, आणि तेही पुष्कळांना जमत नाही.

माता-भगिनींनो, पालकहो, मी फार वेळ घेतला. मला एकच विनंती करायची आहे. आपल्या शाळेत सातवीपर्यंत मुलींची हजेरी चांगली असते. पुढे एकेक नाव गळू लागते. कोणाचे लग्न ठरते, कोणाच्या घरी लहान भावंड असते, कोणाची शाळा लांब पडते. कारणे खोटी नसतात. माझ्या दादीची कारणेही खोटी नव्हती. पण चाचांनी पत्रातली ओळ गाळली तीही चांगल्याच कारणासाठी गाळली होती. हजेरीपटावरून मुलीचे नाव गाळताना आपण तेच करतो. ती ओळ ज्याला मिळायला हवी त्याला मिळत नाही, आणि मिळाली तर चाळीस वर्षांनी मिळते.

पुढील वर्षी जून महिन्यात मी आठवीचा हजेरीपट हाती घेईन तेव्हा सातवीतल्या सगळ्या मुलींची नावे त्यात असावीत. ज्या घरी अडचण असेल त्यांनी मला निरोप पाठवावा. मी घरी येईन. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या मास्तरांप्रमाणे मलाही आपण चहा द्यालच. पण चहा पिऊन मी परत जाणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

 अल्लाह माझ्या दादीला जन्नत नसीब करो, आणि आपल्या घरोघरच्या दाद्यांना, नान्यांना दीर्घायुष्य लाभो.

जय हिंद! जय महाराष्ट्र! खुदा हाफिज.